ना. वि. जगताप यांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी एक कथा आली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी ती वाचली, पसंत केली आणि तिला पहिलं बक्षीस दिलं. हे जगताप कोण, कुठले, करतात काय, हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. कारण या नावाचा कथालेखक त्यापूर्वी मराठीत नव्हता आणि नंतरही झाला नाही.

जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. ज, वि, ना ही नावाची आद्याक्षरं उलटी केली की ना, वि, ज होतात. हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, आपल्या अक्षरात करून दिली होती. ही हकिकत पुढे नारळीकरांनी स्वतःच सांगितली आणि ती आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. बहुतेक जण ती गंमत म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. मला मात्र त्या लपवलेल्या नावाबद्दलच आज आपल्याशी बोलायचं आहे. कारण मराठी विज्ञानकथेचं सगळं भाग्य आणि सगळी अडचण त्या एका युक्तीत सापडते, असं मला वाटतं.

माझं म्हणाल तर मी तासगावकडच्या एका गावात तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. त्याच काळात दिवाळी अंकांतून विज्ञानकथाही लिहिल्या. मोजल्या तर तेवीस भरतात. तेव्हा मी काही या विषयातला अधिकारी माणूस नव्हे. पण ज्या वाटेनं मोठा माणूस गेला, त्याच वाटेनं आपण मागून ठेचकाळत गेलो, तर त्या वाटेवरचे दगड आपल्याला जास्त माहीत असतात.

आधी नाव लपवण्याचं कारण पाहू. १९७४ साली नारळीकर हे नाव मराठी घराघरांत पोचलेलं होतं. कोल्हापुरात जन्म, बनारसला वडिलांकडे शिक्षण, १९५७ साली केंब्रिजला प्रयाण, तिथे रँग्लर, मग फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन. १९६४ साली गुरुत्वाकर्षणाबद्दलचा हॉइल-नारळीकर सिद्धांत आला आणि १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७२ साली ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मॅट्रिकच्या मुलाला बाप दरडावून सांगायचा, ‘नारळीकरांसारखा अभ्यास कर.’ अशा माणसानं स्वतःच्या नावानं कथा पाठवली असती, तर परीक्षकांची काय अवस्था झाली असती? कथा सामान्य असती तरी बाजूला कशी ठेवायची? आणि चांगली असती, तर बक्षीस कथेला मिळालं की नावाला, हे लेखकाला कधी कळणार?

प्रयोगशाळेत आपण हेच करतो. जे तपासायचं तेवढंच मोकळं ठेवायचं आणि बाकीचं सगळं बंद करायचं. नारळीकरांनी आपल्या कथेवर हा प्रयोग केला. नाव झाकलं आणि कथा पुढे ठेवली. कथा उत्तीर्ण झाली.

आता थोडं मागं जाऊ. मराठीत विज्ञानकथा नारळीकरांपासूनच सुरू झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ची. पुढे फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न आणि इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यातला व्हर्न आपल्याकडे लवकर आला. कोचीहून निघणाऱ्या ‘केरळ कोकीळ’ या मराठी मासिकानं १९००च्या सुमारास त्याची चंद्रावर जाण्याची कथा मराठी वाचकांना दिली. मुंबई-पुण्याच्या आधी चंद्राची वाट मराठीला कोचीनं दाखवली, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही. १९१५ साली श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिचा उल्लेख होतो. नंतर भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारायण धारपांना आपण भयकथांसाठी ओळखतो, पण विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या.

बंगालीत तर याहून आधीची गोष्ट आहे. १८९६ साली ‘कुंतलीन’ नावाच्या केसांच्या तेलाच्या कारखानदारानं कथास्पर्धा ठेवली. तिथे पहिलं बक्षीस मिळालं ते जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. त्या कथेत तेलाची एक बाटली समुद्रात ओतली जाते आणि तुफान शांत होतं. म्हणजे आपल्या देशातले दोन मोठे शास्त्रज्ञ, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अंतरानं, कथेच्या प्रांतात शिरले ते स्पर्धेच्या दारातून. विद्यापीठाच्या किंवा साहित्यसंस्थेच्या दारातून कुणीच शिरलं नाही. ती दारं या प्रकाराला उघडीच नव्हती. ‘मुलांसाठी ठीक आहे’, ‘प्रवासात वाचायला बरं’, यापलीकडे कुणी काही म्हणत नसे.

ते दार थोडं किलकिलं केलं दुर्गाबाई भागवतांनी. १९७५ साली कराडला साहित्य संमेलन झालं. त्या संमेलनाचं नाव निघालं की आपल्याला आणीबाणी आणि दुर्गाबाईंचा बाणेदारपणा आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. लोककथा आणि लोकसंस्कृती यांत आयुष्य घालवलेल्या बाईंना कृष्णविवरावरची कथा महत्त्वाची वाटावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. कथा म्हणजे काय, हे त्यांना नावावरून ठरवावं लागत नव्हतं.

यानंतर नारळीकर स्वतःच्या नावानं लिहू लागले. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि आमच्यासारखी पोरं त्यावर तुटून पडली. मीही लिहायला बसलो. १९८३ साली माझी एक कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं होतं, तेच पाकीट ‘साभार परत’चा कागद घेऊन आलं. त्यावर संपादकांनी आपल्या हातानं एक ओळ लिहिली होती: आपण शास्त्रज्ञ आहात का?

मी शास्त्रज्ञ नव्हतो. बी.एस्सी., बी.एड. होतो. त्या एका ओळीनं मला महिनाभर झोप लागली नाही. ज्या माणसानं स्वतःचं नाव झाकून कथेला न्याय मागितला, त्याच्याच नावाचं आता कुंपण झालं होतं! विज्ञानकथा लिहायची तर आधी नारळीकर असायला हवं, असा अर्थ लोक काढू लागले होते. नावही लपवावं तर, माझं नाव लपवण्यासाठी आधी ते कुणाला ठाऊक तर असायला हवं!

मग मी एक केलं. शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला मुलांचं लक्ष घराकडे. त्या तासाला मी नववीच्या वर्गात विज्ञानकथा वाचून दाखवू लागलो. लेखकाचं नाव सांगायचं नाही, एवढा एकच नियम. पहिली वाचली ती ‘यक्षांची देणगी’मधली ‘उजव्या सोंडेचा गणपती’.

या कथेत क्रिकेट आहे, गणपतीची मूर्ती आहे, आणि डाव्याचं उजवं होणं आहे. विज्ञान आहे ते मोबियसच्या पट्टीचं. कागदाची लांब पट्टी घ्या, तिला एक पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता या पट्टीला दोन बाजू उरत नाहीत, एकच बाजू उरते. मी वह्यांना घालतात त्या पारदर्शक प्लास्टिकची अशी पट्टी केली. दुसऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर डाव्या सोंडेचा गणपती काढून तो कापला आणि पट्टीवरून सरकवत एक फेरी मारून आणला. निघाला होता तिथेच तो परत आला, पण पट्टीच्या पाठीमागून. आणि समोरून पाहिलं तर सोंड उजवीकडे! वर्ग उठून टेबलाभोवती गोळा झाला. कागदावरच्या चित्राचं जे होतं ते आपल्यासारख्या लांबी-रुंदी-उंची असलेल्या वस्तूचं व्हायचं, तर सबंध अवकाशालाच तसा पीळ असायला हवा. तो असला तर? एवढ्या एका प्रश्नावर कथा उभी आहे. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं फार, हे तर त्या मुलांना घरीच माहीत होतं. लेखकानं बाहेरून काहीच आणलं नव्हतं. देवघरातलीच एक गोष्ट उचलून तिला भूमितीचा पीळ दिला होता. घंटा झाली तरी कुणी दप्तर आवरलं नाही.

पुढच्या शनिवारी मी माझी कथा वाचली. तिच्यात शहरातून एक शास्त्रज्ञ गावात येतो आणि अणुशक्तीवर चालणारा पंप बसवून देतो. मध्ये चार पानं तो अणूचं विभाजन समजावून सांगतो. वाचून झाल्यावर वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “सर, हे परीक्षेला आहे का?”

संपादकांच्या ओळीनं जे शिकवलं नाही ते या प्रश्नानं शिकवलं. माझी कथा म्हणजे धोतर नेसलेला धडा होता. विज्ञान काढून घेतलं तर पंप अणूवर चालो की डिझेलवर, काही फरक पडत नव्हता. गणपतीच्या कथेतून तो पीळ काढून घेतला, तर कथाच उरत नाही. मला वाटतं, विज्ञानकथेची खरी कसोटी हीच. विज्ञान हे घराच्या तुळईसारखं असावं, रंगासारखं नव्हे. तुळई काढली की घर खाली आलं पाहिजे.

या कसोटीवर नारळीकरांची आणखी एक कथा पाहा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणजे धूळधाण होणे. १४ जानेवारी १७६१ची जखम आपण वाक्प्रचारात बांधून ठेवली आहे. या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जातात, जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. का जिंकले? तर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात लागलीच नाही. कानाजवळून निघून गेली. दोन जगांमध्ये अंतर केवढं, तर बोटभर! पुरावा म्हणून गंगाधरपंतांजवळ बखरीचं एक पान उरतं. पुंजभौतिकीत कणाचा मार्ग आधी निश्चित सांगता येत नाही, अनेक शक्यता असतात. तीच कल्पना त्यांनी इतिहासाला लावली. ही कथा पुढे इंग्रजीत गेली आणि एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात देशभरच्या मुलांनी वाचली. पण मराठी वाचकाला तिच्यात जे टोचतं ते इतरांना टोचणार नाही, हेही खरं. हळहळ आपली आहे.

शास्त्रज्ञानं कथा लिहाव्यात, हे धैर्य त्यांना आलं कुठून? त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्याकडून, असं मला वाटतं. नारळीकर केंब्रिजला गेले त्याच १९५७ साली हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सूर्याजवळ एक प्रचंड मेघ येतो आणि तो बुद्धिमान निघतो, अशी ती कथा. दिवसा ताऱ्यांच्या अंतरंगाची गणितं मांडणारा माणूस कादंबरी लिहितो आणि त्याच्या प्रतिष्ठेला काही होत नाही, हे या तरुण विद्यार्थ्यानं जवळून पाहिलं.

भक्तिभावात दोष झाकू नयेत, म्हणून तेही सांगतो. नारळीकरांची पात्रं पुष्कळदा एकमेकांसारखी बोलतात. शेवटाकडे एखादा जाणकार येतो आणि सगळा उलगडा करून सांगतो, तेव्हा कथा थांबते आणि व्याख्यान सुरू होतं. माझ्या वर्गातली मुलं नेमकी तिथे चुळबुळ करत. नाव झाकलं की हेही दिसतं. गुण जसे स्वच्छ दिसतात तसे दोषही.

पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की जिची आज फार गरज आहे. त्यांच्या पुस्तकांची नावं पाहा: ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’. सगळी पुराणातली. पण ‘हे सगळं आमच्याकडे पूर्वी होतंच’ असं सांगायला त्यांनी ही नावं वापरली नाहीत. पुराव्याशिवाय तसं म्हणणाऱ्यांना त्यांनी जन्मभर विरोध केला. भस्मासुर आला तो इशारा म्हणून: वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेलं सामर्थ्य. १९८६च्या ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीखाली एका जुन्या, नाहीशा झालेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून माणसं एक बुद्धिमान यंत्रमानव तयार करतात. वामनानं बळीकडे मागितली होती ती फक्त तीन पावलं जमीन. मागणी लहान दिसते, पावलं मोठी होत जातात. आज विचार करणाऱ्या यंत्रांची चर्चा रोज वर्तमानपत्रात येते, तेव्हा हे नाव किती नेमकं होतं ते कळतं. ‘होतं’ म्हणणारा मागे पाहून समाधान मानतो. ‘झालं तर?’ म्हणणारा पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी जमीन चाचपतो. विज्ञानकथा या दुसऱ्याची आहे.

मी पुढे पंप आणि शास्त्रज्ञ सोडून दिले. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी वर्षागणिक खाली चाललं होतं. १९८६ साली मी ‘ढगांची वाटणी’ नावाची कथा लिहिली. विमानातून रसायन फवारून पाऊस पाडता येऊ लागला, तर पश्चिमेकडून येणारा ढग कुणाच्या मालकीचा? वरच्या गावानं तो उतरवून घेतला तर खालच्या गावानं काय करायचं? दोन गावं, एक ढग आणि बांधावरची जुनी भाऊबंदकी. वर्गात वाचली. परीक्षेचं कुणी विचारलं नाही, “मग खालच्या गावाला पाणी मिळालं का?” असं विचारलं. एका लहान दिवाळी अंकानं ती छापली आणि पन्नास रुपयांची मनिऑर्डर पाठवली. २००३ साली महाराष्ट्रात कृत्रिम पावसाचा प्रयोग खरोखर झाला, तेव्हा काही जणांनी मला भविष्यवेत्ता ठरवलं. ते चूक होतं. ढगांत रसायन फवारण्याची कल्पना जगात कितीतरी आधीपासून होती. माझं होतं ते फक्त भांडण. यंत्र पुढेमागे येतंच. ते आल्यावर माणसं एकमेकांशी कशी वागतील, हे आधी पाहून ठेवणं एवढंच विज्ञानकथेचं काम.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मंगलाताई गेल्या होत्या. ती प्रत ज्या हातानं केली तोही हात नाही आणि जगतापही नाहीत. मराठी विज्ञानकथा त्यांच्याबरोबरच संपली, असं बोलणारे मला त्या दिवसांत भेटले. मी त्यांना विचारलं, लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ वाचली आहे का? जेम्स गन यांनी जगभरातल्या विज्ञानकथा निवडल्या, त्यांत ती आहे. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचं किती वाचलं आहे? अरुण साधूंची ‘विप्लवा’? आणि आज लिहिणाऱ्या मुला-मुलींपैकी एखादं तरी नाव सांगता येईल का? उत्तर बहुधा येत नाही. मोठ्या झाडाखाली सावली असते, आणि सावलीत काय उगवलंय हे लांबून दिसत नाही. त्यात झाडाचा दोष नाही. पाहणाऱ्यानं जवळ जायला हवं.

त्याच दिवशी संध्याकाळी एक फोन आला. माझा जुना विद्यार्थी, आता द्राक्षबागा पाहतो. म्हणाला, “सर, टीव्हीवर बातमी बघितली. ती प्लास्टिकच्या पट्टीवरच्या गणपतीची गोष्ट यांचीच का? तुम्ही नाव सांगितलं नव्हतं.” चाळीस वर्षं ती कथा त्याच्याजवळ होती. कुणाची ते त्याला माहीत नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

मी हो म्हणालो. एवढं मात्र मनात आलं की १९७४ साली केलेल्या प्रयोगाचा आणखी एक निकाल आज हाती आला.

आपल्याला एकच विनंती. येत्या दिवाळीत अंक हातात घ्याल, तेव्हा त्यातली एखादी विज्ञानकथा नावावर हात ठेवून वाचा. आवडली तर हात काढा आणि ते नाव लक्षात ठेवा. नाही आवडली तर पान उलटा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. जगतापांना हेच हवं होतं.